येसूबाईंच्या संरक्षणाची व्यवस्था

सन १९३१ च्या कार्तिकात दापोली तालुक्यातल्या आंबेखोल गावी एक बाई एकटी येऊन दाखल झाली. गावाच्या स्मरणात असा प्रसंग पूर्वी कधी घडलेला नव्हता. निदान तसे गावाने ठरवले. बाईंचे नाव येसूबाई वानखडे, वय तीस, राहणार अकोल्याकडच्या, नागपूरच्या इस्पितळात सुईणीचे काम शिकून दाखला घेतलेल्या. अकोल्याहून मुंबईपर्यंत आगगाडी, मुंबईहून हर्णैपर्यंत आगबोट, आगबोटीतून किनाऱ्यापर्यंत पडावाची होडी आणि तिथून पुढे बैलगाडी, एवढा प्रवास त्यांनी एक ट्रंक, एक वळकटी आणि कामाची एक पिशवी यांच्या सोबतीने केला होता.

या बाईंना गावानेच मागवले होते. मागच्या तीन वर्षांत गावात चार बाळंतिणी दगावल्या होत्या, आणि त्यावर काशीराम शिर्के यांनी शिकलेली सुईण मिळावी म्हणून अकरा अर्ज केले होते. काशीराम मुंबईच्या एका कचेरीत सव्वीस वर्षे कारकुनी करून गावी परतलेले. त्यांचे अर्ज नमुनेदार असत. मात्र सुईण म्हणजे बाई असणार, आणि ती कुठून तरी येणार म्हणजे प्रवास करून येणार, ही बाब अकरापैकी एकाही अर्जात विचारात घेतलेली नव्हती.

गाडी थांबली तेव्हा काशीराम स्वागताला उभे होते. त्यांनी गाडीत वाकून पाहिले, मग गाडीच्या मागे पाहिले, मग रस्त्यावर लांबवर पाहिले.

“बरोबर कोण आहे?” त्यांनी विचारले.

“कोणी नाही जी.”

“म्हणजे मागाहून येणार.”

“मागाहून बी कोणी नाही. मी आली, एवढंच.”

काशीरामांनी हे मनात दोनदा वाचून पाहिले आणि प्रकरण गंभीर असल्याचा निष्कर्ष काढला.

दुसऱ्याच दिवशी देवळात सभा भरली आणि ‘एकाकी स्त्री संरक्षक मंडळ, आंबेखोल’ स्थापन झाले. काशीराम अध्यक्ष झाले. महिपत खोत उपाध्यक्ष झाले, कारण रस्त्याला लागून पडवी त्यांचीच होती आणि दिवसाचा बहुतेक वेळ ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवत. चिटणीस झाले दुकानदार बाळाशेट, कारण वही त्यांच्याकडे होती. सभेत महिपत खोत फार कळकळीने बोलले. परमुलखातली बाई, तिला इथली भाषा नाही, माणसे ठाऊक नाहीत, जग किती वाईट आहे याची तिला कल्पना नाही, असे ते म्हणाले. जग किती वाईट आहे हे त्यांना एवढ्या तपशिलाने ठाऊक असल्याचे पाहून सर्वांना समाधान वाटले.

सभेने येसूबाईंना बोलावून त्यांची गरज काय, तेही विचारले. येसूबाईंनी तीन गोष्टी मागितल्या. राहत्या जागेच्या दाराला आतून कडी नव्हती, ती बसवून मिळावी. वाड्यावाड्यांच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, आणि ओढ्यांवरचे साकव ठाऊक असलेली एखादी बाई चार दिवस वाट दाखवायला मिळावी. आणि कोणत्या घरात कोण किती महिन्यांची आहे, हे कळावे. बाळाशेटांनी तिन्ही मागण्या वहीत उतरवून घेतल्या. मग मंडळाने तिन्हींचा विचार केला.

आतली कडी नामंजूर झाली. कारण सरळ होते. बाईंनी आतून कडी लावली आणि आत काही संकट आले, तर मंडळ आत जाणार कसे? म्हणून कडी बाहेरून बसवावी असे ठरले. वाट दाखवायला बाई देण्याबाबत असे मत पडले की मग वाटेवर एका बाईच्या जागी दोन बाया होतील आणि मंडळाचे काम दुप्पट होईल. त्याऐवजी रामा घाडी या साठीच्या माणसाला पहारेकरी नेमले. पोटुशा बायांची यादी पुरुषांच्या सभेत करणे सभ्यपणाचे नसल्याने तिसरी मागणी वाचलीच गेली नाही.

रामा चार दिवस येसूबाईंच्या पुढे दहा पावलांवर काठी आपटत चालला. पाचव्या दिवशी बाळाशेटांनी शंका काढली की रामा झाला तरी पुरुषच. शंका रास्त होती. म्हणून रामावर लक्ष ठेवायला त्याची बायको जनी हिला नेमण्यात आले आणि ती येसूबाईंच्या मागे पाच पावलांवर चालू लागली. जनीच्या घरी दुसरे कोणी नसल्याने तिच्या गाईचे पाडसही दाव्याला धरून बरोबर येई. पुढे काठी, मध्ये सुईण, मागे जनी आणि शेवटी हंबरणारे पाडस, अशी ही मिरवणूक एखाद्या वाडीत शिरली की अंगणातल्या बाया पदर सावरून आत जात आणि दारे लोटून घेत. ज्या गोष्टी सख्ख्या सासूला सांगायची चोरी, त्या रामाच्या देखत कोण सांगणार? महिना उलटला तरी येसूबाईंना एका बाईची नाडी पाहायला मिळाली नाही. मंडळाच्या वहीत त्या महिन्याची नोंद अशी आहे: ‘परक्या व्यक्तींशी बाईंचा संपर्क पूर्णपणे थांबवण्यात यश.’

येसूबाई रडणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या महिन्यात एकदा रडल्या. ज्वारीच्या भाकरीची आठवण येई, ते एक होतेच. माशाचा वास अजून अंगवळणी पडायचा होता. पण खरे दुःख वेगळे होते. वरच्या वाडीत एक पोर आडवे येऊन मेले आणि ते त्यांना तीन दिवसांनी कळले. त्यांच्या दारापासून ते घर हाकेच्या अंतरावर होते.

हे त्यांना सांगितले सखूने. सखू बुरोंडीची कोळीण. रोज सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती सडा, म्हणजे वरचे कातळाचे माळरान, चढून आंबेखोलातून दापोलीच्या बाजारात जाई आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन परते. जाऊन येऊन चौदा मैल, एकटी, गेली वीस वर्षे. येसूबाईंच्या पायरीवर ती पाणी प्यायला टेकू लागली, आणि पाणी पिता पिता आंबेखोलची सगळी माहिती देऊ लागली. कोणाचा कुत्रा चावतो आणि कोणाचा नुसता भुंकतो, कोणत्या घरी हक्काने पाणी मागावे, कुठला साकव हलतो. महिपत खोत पडवीतून हटकतात, कुठे चाललीस, जरा बस, पान खा, म्हणतात, तेव्हा काय करायचे तेही तिने सांगितले.

“थांबायचा न्हाय,” सखू म्हणाली. “रस्त्यावरनंच मोठ्यानं इचारायचा, वैनी हायत काय घरात? की मंग त्याला आपसूक खोकला येतो.”

येसूबाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

पुढच्या सभेला त्यांनी अध्यक्षांना एक साधा प्रश्न केला. सखूही एकटीच येते जाते, तिच्यासाठी मंडळ काय करते? काशीरामांना प्रश्नच कळेना. ते म्हणाले, ती कोळीण आहे. म्हणजे काय, असे येसूबाईंनी विचारले. म्हणजे तिला सवय आहे, असे काशीरामांनी सांगितले. “सवय तर मले बी आहे जी,” येसूबाई म्हणाल्या. त्यावर सभेने खेद व्यक्त केला. बाईंना परिस्थितीचे गांभीर्य नाही, आणि ज्या व्यक्तीला धोका दिसत नाही तिच्याइतकी धोक्यात दुसरी कोणीच नसते, असा ठराव झाला. त्याच ठरावाने बाहेरच्या कडीला कुलूप आले. अध्यक्ष स्वतः गावात हजर असतील तेव्हाच ते काढायचे, आणि किल्ली अध्यक्षांच्या कनवटीला राहायची.

पौष महिन्यात एका सकाळी काशीराम जमिनीच्या कामाला दापोलीला गेले. किल्ली अर्थातच त्यांच्याबरोबर गेली. दुपारी बाराच्या सुमाराला त्यांची सून सगुणा विहिरीवरून येताना पडवीच्या खांबाला धरून खाली बसली. दिवस भरायला अजून पंधरवडा होता. तिचा नवरा मुंबईला गोदीत. सासू सावित्रीबाई तेवढ्या घरात. त्यांनी शेजारणीला सुईणीकडे पिटाळले, शेजारीण कुलूप पाहून महिपत खोतांकडे गेली, आणि खोत बाळाशेटांना घेऊन येसूबाईंच्या दारात आले.

दारात दोघांनी परिस्थितीचा विचार केला. कुलूप फोडायला अध्यक्षांची परवानगी लागेल, असे बाळाशेटांचे म्हणणे पडले. खोतांची अडचण निराळी होती. भर दुपारी दोन पुरुष एकट्या बाईच्या घराचे कुलूप फोडत आहेत असे कोणी पाहिले, तर ज्यासाठी मंडळ काढले तेच घडल्यासारखे दिसेल. मग रामाला दापोलीला धाडायचे ठरले. तो पोचून काशीराम परत येईपर्यंत संध्याकाळ होईल, हेही त्यांनी नीट हिशेब करून काढले.

आतून येसूबाईंनी एवढेच विचारले की कळा किती वेळाने येतात. दोघांनाही ते ठाऊक नव्हते. शेजारणीने सांगितले. मग आतून दारावर धक्के बसू लागले. बाळाशेट म्हणाले, बाई, असे करू नका, दार मंडळाचे आहे.

त्याच वेळी सखू बाजारातून परतत होती. तिने दाराशी जमलेले लोक पाहिले, शेजारणीकडून दोन वाक्ये ऐकली, रिकामी पाटी खाली ठेवली, आणि मासळी कापायच्या कोयतीचे टोक कोयंड्याखाली घालून तो लाकडातून उपटला. खोतांनी तिला थांबवण्यासाठी हात वर केला होता. तो वरच राहिला. येसूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. सखू पुढे, त्या मागे, अशा दोघी जवळच्या पाखाडीने खाली धावत गेल्या. रामा, जनी आणि पाडस यांना नंतर कळले.

पोर पायाळू होते. सगुणाचे वय अठरा. सावित्रीबाई सांगत की त्या दोन घटकांत सुईण एकदाही मोठ्याने बोलली नाही. फक्त सगुणाच्या कानाशी तोंड नेऊन, “घाबरू नको माय, मी आहे,” एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सखू डोक्याशी बसून सगुणाचे हात धरून होती. शेवटी मुलगी झाली. प्रथम रडली नाही, मग रडली.

दिवेलागणीच्या आधी काशीराम घामाघूम होऊन आले. त्यांच्या हातात किल्ली होती. दापोलीच्या वेशीपासून ती त्यांनी हातातच धरली असावी. अंगणात सावित्रीबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. नात झाली, दोघी बऱ्या आहेत, असे त्यांनी सांगितले. चौतीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याला कधी उलटून बोलल्या नव्हत्या.

“तुम्ही त्यांना कोंडून गेला होतात,” त्या म्हणाल्या. “कोळणीनं दार फोडलं म्हणून मला तुमच्याशी बोलता येतंय.”

काशीराम पायरीवर बसले. आतून बाळाचा आवाज येत होता आणि त्यांना आत जायचा धीर होत नव्हता. येसूबाई हात धुवायला बाहेर आल्या, तेव्हा ते उठून उभे राहिले. काही म्हणायचे होते, पण सव्वीस वर्षांच्या कारकुनीत त्या गोष्टीचा मसुदा त्यांनी कधी केलेला नव्हता. येसूबाईंनी त्यांना आत जाऊन नातीचे तोंड पाहायला सांगितले, आणि उद्या सुताराला पाठवा, म्हणाल्या.

सुतार आला. कडी आतून बसली. इथपर्यंत काशीराम माणसासारखे वागले. पण रविवारी सभा होती, आणि सभेत काशीराम पुन्हा अध्यक्ष होते. वहीत त्या दिवशीचे इतिवृत्त सविस्तर आहे. बाई सुमारे तीन तास कोणत्याही बंदोबस्ताविना गावात वावरल्या, तरी त्यांना कसलाही उपद्रव झाला नाही. याचा अर्थ मंडळाची जरब गावावर पक्की बसली आहे. सबब मंडळाचे अभिनंदन. दुसरा ठराव असा की, बुरोंडीची सखू ही देखील एकटी बाई असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी तिलाही त्वरित संरक्षण देण्यात यावे.

सोमवारी रामा काठी घेऊन सखूच्या वाटेवर उभा राहिला आणि मंडळाचा ठराव त्याने तिला तोंडी सांगितला. सखूने तो शांतपणे ऐकून घेतला. मग डोक्यावरची मासळीची पाटी उतरवून रामाच्या डोक्यावर ठेवली, त्याची काठी आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, “चल तर. पुढं ऱ्हा, सांडू नको.” रामा दापोलीपर्यंत गेला. मंगळवारी त्याने राजीनामा दिला.

त्यानंतर मिरवणूक निघाली नाही. येसूबाई एकट्या फिरू लागल्या, पाखाड्या शिकल्या, भात आणि बांगड्याचे सार खाऊ लागल्या. बाया दारे उघडू लागल्या. सात वर्षे त्या आंबेखोलात राहिल्या आणि त्या सात वर्षांत गावची एकही बाळंतीण दगावली नाही. मंडळाची सभा मात्र दर रविवारी भरतच राहिली. विषय संपला म्हणून सभा बंद करावी असे कोणाला सुचले नाही.

ही हकीकत मी मुंबईपुण्याच्या पुष्कळ शिकल्यासवरल्या घरांत सांगितली आहे. लोक मनापासून हसतात. खोतांना नावे ठेवतात, काशीरामांची कीव करतात, सखूला शाबासकी देतात. आणि हसून झाले की जरा आवाज उतरवून मला विचारतात, पण या येसूबाईंना मागेपुढे कोणी होते की नाही? नवरा होता का? मग एवढ्या लांब एकट्या का आल्या?

मी नुसती वही उघडतो. मंडळाची वही हल्ली माझ्याकडे असते आणि तिच्यात पाने पुष्कळ कोरी आहेत. विचारणाऱ्याचे नाव तेवढे मी सभासदांत लिहून घेतो. वाचता वाचता तो प्रश्न आपल्याही मनात येऊन गेला असेल, तर आपण फक्त आपले नावगाव कळवावे. बाकीची पात्रता सिद्ध झालेली आहे.