थंडीचा पहारा

दुकानदाराचा आपल्या काचेच्या फ्रिजवर फार जीव होता. माणसापेक्षा उंच, आत दूध, लोणी, चीज, सरबताच्या बाटल्या, सगळं शिस्तीत ओळीने उभं. पण विजेचा मीटर असा काही पळायला लागला, की बायकोने शेवटचं सांगून टाकलं, "महिन्याभरात मीटर आवरला नाही, तर हा फ्रिज जाणार आणि इथे माझ्या भावाचं झेरॉक्स मशीन येणार."

मशीनमागोमाग मेव्हणाही येणार हे उघड होतं. दुकानदाराने तातडीने फ्रिजवाल्या मेकॅनिकला बोलावलं.

त्याने दाराची रबरपट्टी दाबून पाहिली, मागची जाळी पुसली. "मशीन ठणठणीत आहे. पण गिऱ्हाईक दार उघडून विचार करत उभं राहतं ना, तेव्हा सगळी थंडी खाली पायाशी सांडते."

झालं. दुसऱ्याच दिवशी पाटी लागली: 'आधी विचार करा, मग दार उघडा.' विचार सोपा जावा म्हणून मालाची यादी काचेवर चिकटवली. यादीमुळे आतलं दिसेना, तेव्हा लोक दार उघडून यादी खरी आहे का ते तपासू लागले. आतला दिवा गरम होतो म्हणून दुकानदाराने तोही काढला आणि गिऱ्हाइकांच्या हातात टॉर्च दिला.

अखेर त्याने सासऱ्यांना पहाऱ्यावर बसवलं. ते निवृत्त कवायत मास्तर. शिट्टी त्यांची स्वतःची होती. फ्रिजला खेटून स्टूल मांडून ते बसले.

"काय हवंय?"

"लोणी."

"खारं की बिनखारं?"

"बघून सांगते."

"बघायचं नाही. ठरवून या."

दार पाच सेकंदांहून जास्त उघडं राहिलं, की शिट्टी. एक बाई घाबरून लोण्याऐवजी यीस्ट घेऊन गेल्या. बदलायला आल्या नाहीत, कारण त्यासाठी दार पुन्हा उघडावं लागलं असतं.

पहिले दोन दिवस सासरे "पाय गारठले" म्हणून कुरकुरले. तिसऱ्या दिवसापासून चकार शब्द नाही. या वयातली ती चिकाटी पाहून दुकानदाराला भरून आलं.

महिना संपला. मेकॅनिकने मीटर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "गेल्या महिन्याच्या दुप्पट पळालाय."

दुकानदार मटकन खोक्यावर बसला. मेव्हणा त्याला दारात दिसू लागला.

मेकॅनिकने वाकून स्टुलाखाली हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. तिथे हीटर होता, तोंड फ्रिजकडे. "तो गार करतोय, हा त्याला शेकतोय. दोघांची महिनाभर जुंपलीय."

"सगळी थंडी माझ्याच पायाशी सांडत होती," सासरे म्हणाले. "मग काय, ड्यूटी सोडायची?"

बायकोने हीटरची पिन उपटली. "फ्रिजचा काही दोष नाही. तो राहील."

दुकानदाराचा जीव भांड्यात पडला.

"पण पहारा चालू ठेवायचा. आणि बाबांना काही ती थंडी सोसायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यावरच्या गादीच्या खुर्चीत सासरे ऐसपैस बसले होते. स्टुलावर कानटोपी घालून दुकानदार. बाटल्यांची एक ओळ वाकडी दिसली, म्हणून त्याने दार उघडून मायेने हात आत घातला.

गल्ल्यावरून शिट्टी वाजली.

"सहा सेकंद झाले, जावईबापू."