बाष्पीभवनाची चौथी तालीम

माझ्या अंतिम पाठात चूक होण्यास मी तसूभरही जागा ठेवलेली नव्हती! हे विधान मी आजही मागे घेणार नाही. जे काही घडले ते तयारी कमी पडल्यामुळे नव्हे, तर ती जरुरीपेक्षा जास्त झाल्यामुळे घडले.

मी छात्राध्यापक आहे. म्हणजे महाविद्यालयात विद्यार्थी, शाळेत शिक्षक, आणि दोन्हीकडे थोडासा परका. त्यातून स्वभाव लाजाळू. ऑटोवाल्याला ‘भैया, इथे थांबवा’ म्हणण्याचे धैर्य गोळा होईस्तोवर माझे ठिकाण मागे पडलेले असते, आणि मग मला मुळी पुढच्याच चौकात उतरायचे होते अशा चेहऱ्याने मी चालत परततो. “असा मुखदुर्बळ माणूस मास्तर काहून होऊन राहिला?” हा प्रश्न जबलपूरच्या खमरिया भागातल्या आमच्या क्वार्टरमध्ये आई आठवड्यातून दोनदा विचारते. उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते मोठ्याने सांगता येत नाही. तिसरीतल्या एखाद्या मुलाला काही पहिल्यांदाच उमगते आणि त्याचे डोळे मोठे होतात, त्या क्षणापुरता मी जगात कुठेच परका नसतो.

तर, माझा पहिला अंतिम पाठ नापास झाला होता. महाविद्यालयातून निरीक्षणाला आलेल्या विभावरी मॅडमनी शेरा लिहिला होता, ‘आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही.’ आता दुसरी आणि शेवटची संधी होती. ती हुकली असती तर अख्खे वर्ष पुन्हा!

तिसरीच्या वर्गशिक्षिका सत्यवती दीदींनी माझा चेहरा पाहिला आणि स्वेटर विणता विणता तोडगा सांगितला. “अरे भैया, इतना क्या सोचना! सब यही करते हैं. बच्चों को वही पाठ दो-तीन बार पहले करा दो.”

मी तीनदा करवला. विषय बाष्पीभवन. ओल्या फडक्याने फळा पुसायचा, तो सुकेपर्यंत थांबायचे, मग अवंतिकाने ‘उत्स्फूर्तपणे’ उठून विचारायचे, “सर, पानी कहाँ गया?” लगेच अनुपमने सांगायचे, “बोर्ड ने पी लिया!” सगळीच उत्तरे बरोबर आली तर संशय येतो, म्हणून एक चुकीचे उत्तरही मी नेमून दिले होते. एवढी माझी दूरदृष्टी!

“सर, मुझे ही गलत वाला क्यों?” अनुपम हिरमुसला.

“क्योंकि तुम आत्मविश्वास से बोलते हो,” मी समजूत काढली. शेवटी चिन्मयीने खरे उत्तर द्यायचे, आणि मी कृतार्थ मुद्रेने फळ्यावर आकृती काढायची.

तालमी सुरेख झाल्या. फक्त दुसऱ्या तालमीत माझ्या हातून खडू पडला, तो उचलून उठताना टेबलाच्या कडेवर कपाळ आपटले, आणि वर्ग हसून हसून जमिनीवर अंथरलेल्या टाटपट्टीवर लोळला. तिसऱ्या तालमीत, पुन्हा तसेच होईल या धास्तीने, पुन्हा तसेच झाले. मी ते विसरून गेलो. मुलांनी मात्र तो पाठाचाच भाग समजून मनात नोंदवून ठेवला.

परीक्षेच्या दिवशी जबलपूरवर असे धुके उतरले की गोरखपूर मोहल्ल्यातली आमची शाळा मला तिच्या घंटेच्या आवाजावरून शोधावी लागली. खिडक्यांबाहेर जग पुसून टाकल्यासारखे पांढरे होते. एरवी मी त्या पांढरेपणाकडे तासभर पाहत राहिलो असतो, पण मागच्या खुर्चीवर विभावरी मॅडम येऊन बसल्या होत्या.

मी ओल्या फडक्याने फळा पुसला. तालमीच्या उन्हात तो चार मिनिटांत सुकत असे. आज सात मिनिटे झाली, तरी फळा नुकत्याच न्हाऊन निघालेल्या म्हशीसारखा काळाभोर चकाकत होता! शेवटी मी ठरलेले वाक्य उच्चारले, “बच्चों, देखो. बोर्ड को क्या हुआ?”

“सर, सूख गया!” चाळीस कंठ एकदम गरजले. त्याच क्षणी फळ्यावरून एक थेंब ओघळून टप्पकन खाली पडला.

मॅडम उठल्या, त्यांनी फळ्यावर बोट फिरवले आणि ते ओले बोट वर्गाला दाखवले. “ये तो गीला है.”

वर्गाने त्यांच्याकडे करुणेने पाहिले. चिन्मयी समजावणीच्या सुरात म्हणाली, “मैडम, आपको गीला लग रहा है. सूख चुका है.”

मॅडम जागेवर जाऊन बसल्या. आता उत्स्फूर्त प्रश्नाची वेळ होती. मी थांबलो. वर्ग थांबला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की अवंतिकाची जागा रिकामी आहे!

“किसी के मन में कोई प्रश्न नहीं आया?” मॅडमनी विचारले.

“आया है मैडम,” अनुपम उठला. “पर वो अवंतिका के मन में है. वो पाटन गई है, बुआ की शादी में.”

“तो तुम पूछ लो.”

“मैं कैसे? मेरे पास तो गलत उत्तर है!”

धरणी दुभंगून मला पोटात घेईल, अशी मी फार आशा केली. पण शाळेची फरशी गेल्याच वर्षी पक्की केली होती. आणि अनुपम अजून बसला नव्हता. “सर, आपका भी तो छूट गया. चॉक गिराना था, फिर सिर टकराना था.”

मॅडमनी पेन खाली ठेवले. माझ्याकडे पाहत त्या शांत मराठीत म्हणाल्या, “मग करा ना. मुलं वाट पाहून राहिली.”

वाचकहो, मी खडू पाडला. वाकलो. हलकेच टेकवल्यासारखे करावे असा विचार होता, परंतु अभिनय माझ्या स्वभावात नाही. टेबल असे दणाणले की कोपऱ्यात बसलेल्या सत्यवती दीदींच्या हातून विणकामाची सुई निसटली! वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी कपाळ धरून उभा असताना चिन्मयी पुढे आली, माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाली, “सर, आप बैठ जाइए. मुझे पूरा याद है.”

मी टाटपट्टीवर मांडी घालून बसलो. दुसरे काय करणार?

तिने शिकवायला सुरुवात केली ती अगदी माझ्याप्रमाणे, खिडकीकडे पाहत आणि पुटपुटत. “दीदी, ज़ोर से!” आता तिलाच दीदी ठरवून मागून ओरडा झाला. तशी ती भानावर आली आणि माझे पाठांतर सोडून स्वतःचेच बोलू लागली. “मम्मी छत पे साड़ी डालती है. शाम को साड़ी सूखी, और नीचे पानी भी नहीं. तो पानी ऊपर गया ना, हवा में!”

साडी माझ्या पाठात नव्हती. मी चमकून वर पाहिले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून नेहा उठली. तिचा आवाज बारीक, म्हणून मी तिला एकही वाक्य दिले नव्हते. खिडकीबाहेर बोट दाखवत तिने विचारले, “तो ये कोहरा, ये वही साड़ी वाला पानी है क्या?”

हा प्रश्न कोणाला नेमून दिलेला नव्हता! चिन्मयी माझ्याकडे पाहू लागली. मी केव्हा उठलो ते मला आठवत नाही. मी काचेवर तोंडाची वाफ सोडली, काच धूसर झाली, मी त्यावर बोटाने रेघ ओढली, आणि हवेतले पाणी थंडीने पुन्हा दिसू लागते ते कसे, हे सांगत सुटलो. चाळीस तोंडे खिडक्यांच्या काचांना लागली. नेहाचे डोळे मोठे झाले. माझा आवाज म्हणे शेजारच्या चौथीच्या वर्गापर्यंत पोहोचला, कारण तिथले सर ‘भैया, ज़रा धीरे’ सांगायला आले होते.

घंटा झाली. मॅडमनी माझी पाठवही परत दिली आणि त्या धुक्यात दिसेनाशा झाल्या. मी वही उघडली. उत्तीर्ण! खाली सुवाच्य अक्षरांत शेरा होता, ‘एकूण पाठ चाळीस मिनिटे. पैकी छात्राध्यापकाने शिकवले चार मिनिटे, ती उत्तम. उरलेल्या वेळाचे गुण वर्गाचे आहेत, त्यांना ते कळवावे.’

मी कळवले. तेव्हापासून अनुपम स्वतःला डी.एल.एड. झालेला शिक्षक समजतो आणि मला वर्गात येताना त्याची परवानगी घ्यावी लागते.

घरी आईला मी एवढेच सांगितले, की पास झालो. ती हरखली, तिने देवापुढे साखर ठेवली, आणि मग माझ्या कपाळाकडे निरखून पाहत म्हणाली, “अन् हे एवढं टेंगूळ काहून आलं?”

“अभ्यासक्रमात होतं,” मी म्हणालो.