मागे कुणी नाही!

गाडी मागे घेणं ही एक साधना आहे आणि ती मला बावीस वर्षांपूर्वीच साधली. अट एकच. मागे उभं राहून कुणीतरी डिकीवर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या!" म्हणायला हवं. आपल्याकडे अशी माणसं जमिनीतून उगवतात. अनोळखी गृहस्थसुद्धा भाजीची पिशवी खाली ठेवून हे काम करतो. इथं परदेशात मात्र जो तो आपल्या वाटेनं जातो!

त्यामुळे परवान्याच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो. बायको पहिल्याच फटक्यात पास! सोमवारपासून माझी नवी नोकरी, ऑफिस गावाबाहेर, तिकडे बस नाही.

"या वेळी तरी पास व्हा," बायको म्हणाली, "नाहीतर रोज मीच सोडायचं तुम्हाला."

पन्नाशीला टेकलेला साहेब बायकोच्या गाडीतून डबा सांभाळत उतरतोय! नुसत्या कल्पनेनंच घाम फुटला.

तिसरी परीक्षा. शेजारी परीक्षक बाई. चेहरा इस्त्री केलेला.

"त्या दोन खांबांमध्ये गाडी मागे घ्या."

मी आरशात पाहिलं. पाय ब्रेकवरून हलेना.

"काही अडचण?"

"मागे कुणी नाही."

"म्हणूनच घ्या म्हणतेय!"

पाच मिनिटं गेली. बाकावर बसलेल्या बायकोचा धीर सुटला. ओढणी खोचून ती थेट मैदानात!

"अहो, येऊ द्या! डावीकडे मारा! डावीकडे म्हणजे घड्याळाच्या हाताकडे! बास!"

थाप! गाडी कपाटाच्या खणासारखी आत गेली.

पलीकडे एक टक्कलवाले उमेदवार आडवे अडकले होते. बायको तिकडे वळली. "येऊ द्या!" मराठीचं अक्षर न कळता ते आले. थाप! त्यांच्यापुढच्या आजीबाईही आल्या. थाप! तीन गाड्या, पट्टीनं आखल्यासारख्या! माझा ऊर भरून आला. ही हुकमत फक्त माझ्यावरच चालते, असा आजवर माझा समज होता.

परीक्षक बाई उतरल्या. टेपनं अंतरं मोजली. पुन्हा मोजली.

"अठरा वर्षांत असं पार्किंग पाहिलं नाही!"

मी नम्रपणे मान झुकवली. बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या.

दोन कागद मिळाले. माझ्या कागदावर शेरा होता: 'बाहेरची मदत घेतली. नापास.' बायकोचा कागद परीक्षा केंद्राच्या शिकवणी विभागात नोकरीचा अर्ज होता.

सोमवारी आम्ही दोघंही कामावर रुजू झालो. माझं ऑफिस तिच्या वाटेवरच आहे. ती मला डब्यासकट दारात सोडते.