गजभिये काकांचं डांबर

गजभिये काका आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा त्यांनी कप उचलण्याआधी खिशातून लांब सुईचा थर्मामीटर काढला आणि चहात बुडवला. "एकसष्ट," ते म्हणाले. "चालेल." माझी बायको मंजिरी आलं, गवती चहा वगैरे घालून मोठ्या हौसेने चहा करते. त्याला दाद म्हणून हा आकडा मिळाला. तो थर्मामीटर आधी कशात बुडवला होता, हे विचारायचं धाडस मला दोन वर्षं झालं नाही. डांबरात, असं नंतर कळलं.

काकांनी नोकरीच तशी केली होती. आधी नागपुरात रस्ते खात्यात. मग सुमन काकींना इथे हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, म्हणून काका मागोमाग इंग्लंडला आले आणि रस्त्यांचा माल तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. कंत्राटदार जे सांगेल ते खोटं आहे असं धरून चालायचं आणि मग रस्त्याला भोक पाडून खात्री करायची, असं ते काम. "तिथले कंत्राटदार खोटं बोलत," काका सांगत. "इथलेही बोलतात. फक्त आधी सॉरी म्हणतात."

रिटायर झाल्यावर रस्ते सुटले, पण सवय राहिली. आता ते दुधाच्या तारखेवर संशय घेत. कुरिअरवाल्याने पार्सल हसत दिलं तर त्याच्या हसण्यावर घेत. वॉटफर्डच्या आमच्या रस्त्यावर कोणी 'फॉर सेल'ची पाटी लावली की काका थांबून म्हणत, "ह्यात काहीतरी भानगड आहे." काकींनी कधी हटकलं तर ते हॉलमधल्या बुद्धांच्या तसबिरीकडे बोट दाखवत. "तथागतांनी सांगितलंय, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही."

"ते धम्माबद्दल सांगितलं होतं," काकी म्हणत. "दुकानाच्या कूपनबद्दल नाही."

आमची दोन घरं शेजारी, आणि मधे गाडी आत घ्यायचा एक अरुंद ड्राइव्ह, अर्धा त्यांचा, अर्धा माझा. घर घेतानाच सॉलिसिटरने बजावलं होतं की शेजाऱ्यांशी भांडायचं असेल तर इंग्लंडमध्ये ह्याहून सोयीची जागा नाही. ड्राइव्हचं डांबर जुनं, भेगाळलेलं. भेगांत पाणी शिरायचं, त्याचं बर्फ व्हायचं, बर्फ फुगलं की भेग रुंदायची. काकांच्या घराचं दार बाजूला होतं, थेट ह्या ड्राइव्हवर उघडणारं. गेल्या जानेवारीत एका सकाळी काकी त्या दारातून बाहेर पडल्या आणि चौथ्या पावलाला घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन उत्तम झालं. घरात त्या वॉकर घेऊन व्यवस्थित चालायच्या. पण बाहेर पाऊल टाकायला तयार नव्हत्या. चाळीस वर्षं पेशंटांना "उठा, चला, काही होत नाही" म्हणून दटावणारी बाई उंबऱ्यापर्यंत यायची, ड्राइव्हकडे पाहायची आणि मागे वळायची. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटला न्यायला यायचे ते खुर्चीसकट उचलून न्यायचे. ऑक्टोबरमध्ये घरी येणारी फिजिओ स्पष्टच म्हणाली, की हा हिवाळाही आत काढला तर ही भीती कायमची बसेल.

त्याच संध्याकाळी काका माझ्याकडे आले. "निखिल, ड्राइव्ह खोदायचा. तुझा अर्धा आणि माझा अर्धा, दोन्ही एकदम. थंडीला बाउंड्री समजत नाही."

मी हो म्हटलं. पण खरं सांगतो, माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी माझ्याकडची साखर हुंगून परत करणारा माणूस एकदम सहकार्याची भाषा का बोलू लागला? त्यात दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी सकाळी ड्राइव्हवर खुंट्या ठोकायला आणि सुतळी ताणायला लागले. सुतळी माझ्या बाजूला जरा जास्त आहे असं मला वाटलं. मंजिरीला तर खात्रीच वाटली. संशय सर्दीसारखा असतो, शेजाऱ्याकडून लागतो. मी तीन दिवस पडद्याआडून पाहिलं आणि शनिवारी उजाडताच मंजिरीची शिवणाची टेप घेऊन मोजायला उतरलो.

"तुझा चार फूट एक इंच," मागून आवाज आला. काका दारात दात घासत उभे होते. "माझा बरोबर चार. कालच मोजलं. आणि ती टेप कपड्याची आहे, ती ताणते."

मी फूल तुटलं होतं असं काहीतरी पुटपुटत आत आलो.

मग उताराचा प्रश्न निघाला. काकांचं म्हणणं, सगळा उतार माझ्या बाजूला, लॅव्हेंडरच्या वाफ्याकडे द्यायचा. म्हणजे त्यांच्या घरचं पाणी माझ्या दारात! रस्त्यावर पाणी सोडायला कौन्सिल देत नाही, ते मातीतच मुरवावं लागतं, असा त्यांनी नियम सांगितला. मी आत जाऊन कौन्सिलच्या साइटवर तपासलं. नियम खरा होता. वाफाही फक्त माझ्याकडेच होता. तरी मी दोन दिवस तोंड वाकडं करून फिरत होतो.

ह्याच सुमारास दोन माणसं व्हॅन घेऊन माझ्या दारात आली. जवळच काम केलंय, थोडं गरम डांबर उरलंय, आजच लावून देतो, अगदी कमीत. ज्याला गरज आहे त्याच्या दारात आयता माल चालून आला, म्हणून मी खूश झालो. तेवढ्यात काका आले. त्यांनी व्हॅनचा मागचा दरवाजा उघडायला लावला आणि थर्मामीटर खुपसला.

"बावन्न," ते मला मराठीत म्हणाले. "दीडशेला भट्टीतून निघतं, ऐंशीच्या खाली गेलं की मेलं. ह्याच्यापेक्षा तुझ्या बायकोचा चहा गरम." मग त्या माणसांना इंग्रजीत विचारलं, खाली खडीचा थर किती इंच देणार? ते म्हणाले, खडी कशाला? आहे त्याच्यावरच पसरू. काकांनी मोबाइल काढून त्यांच्या नंबरप्लेटचा फोटो घेतला. व्हॅन गेली ती पुन्हा दिसली नाही.

कोटेशन द्यायला आलेल्या तीन माणसांना काकांनी पळवलं. एक जण फार गोड बोलत होता म्हणून, दुसऱ्याचे बूट स्वच्छ होते म्हणून. तिसऱ्याला कशावरून, ते मला कळलं नाही. चौथा टेरी. साठीचा, पाठीत वाकलेला, मोजकं बोलणारा. काकांनी त्याला तासभर प्रश्न विचारले. खोदाई किती, खडी किती थरांत दाबणार, कडेला दगड बसवणार का. टेरी शेवटी म्हणाला, "दाबताना तुम्ही इथेच उभे राहा. मला बरं पडेल." काका गोंधळले. स्वतःहून तपासून घ्यायला तयार असलेला माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. "ह्यात काहीतरी भानगड आहे," असं म्हणत त्यांनी त्याला काम दिलं.

खोदाई झाली, खडी दाबून झाली, आणि नोव्हेंबर संपत आला. डांबर थंड जमिनीवर टाकता येत नाही, वरून गरम राहतं पण खालून गोठतं आणि मग पहिल्याच थंडीत फुटतं. काका रोज तीन ठिकाणचे हवामानाचे अंदाज पाहत आणि एकावरही विश्वास न ठेवता स्वतः खडीत थर्मामीटर खोचत. एकदा जमीन आठ अंशांवर चढली, म्हणजे चालण्यासारखी. टेरीचा ट्रक आला, पण मोटरवेवर अडकून आला होता. काकांनी माल तपासला, तो ऐंशीच्या खाली गेला होता, आणि ट्रक परत पाठवला.

मला राग आला. डिसेंबर दाराशी आला होता. "काका, थोडं इकडेतिकडे चालतं," मी म्हटलं. "काकींना बाहेर काढायचंय की तुम्हाला परीक्षा पास करायचीय?"

काकांनी थर्मामीटर पुसून खिशात ठेवला आणि ते आत गेले. टेरी ट्रकमध्ये चढता चढता म्हणाला, "तो बरोबर आहे, बरं का. मीही नसतं टाकलं." आपण भलतंच बोललो हे मला कळलं, पण माफी मागायला पाय उचलला नाही.

चार दिवसांनी जमीन नऊवर गेली, माल वेळेत आला, आणि काम झालं. रोलर पुढे-मागे फिरत होता आणि काका वाकून स्टीलच्या पट्टीने उतार तपासत होते. ड्राइव्ह काळाभोर, तुळतुळीत झाला. पुढे दोन आठवडे त्यांनी माझ्या गाडीला त्यावर येऊ दिलं नाही, मी दोन गल्ल्या पलीकडे पार्क करत होतो. काकी मात्र बाहेर आल्या नाहीत. उंबऱ्यापर्यंत आल्या, "छान झालंय" म्हणाल्या आणि वळल्या.

मग पहिली कडक थंडी पडली. सकाळी आठच्या सुमारास मी पडदा सारला, आणि पाहतो तर काका ड्राइव्हवर काकींचा वॉकर घेऊन चालत होते. पायात काकींचे बूट, टाचा मागून बाहेर आलेल्या. दारापासून फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. ह्या माणसाचं डोकं शेवटी फिरलं, असं माझ्या मनात आलं. मी जॅकेट चढवून बाहेर पडलो.

"काका, हे काय?"

"टेस्ट करून राहिलो. तुझ्या बुटाला ग्रिप आहे, माझ्या बुटाला आहे. हिच्या बुटाला किती आहे ते कोणी पाहिलं?" ते वळले, वॉकर पुढे टाकला. "सतरा झाल्या चकरा. अजून तर नाही घसरलो."

"चांगलं झालंय डांबर. टेरी म्हणाला, तुम्ही म्हणालात. आता तरी विश्वास ठेवा."

"डांबरावर आहे रे." ते थांबले. त्यांच्या तोंडातून वाफ येत होती. "त्या दिवशी मीठ आणलं होतं मी. आदल्या दिवशी. बर्फावर टाकायचं, मोठी थैली. ही म्हणाली होती, आणून रात्रीच पसरून टाका. मला वाटलं, दुकानदारानं भेसळ केली असंल. म्हणून वाट्यांत पाणी घेतलं, काहींत थैलीतलं, काहींत स्वयंपाकाचं मीठ घातलं, फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी पाहू म्हटलं, कोणतं गोठते. सकाळी मी फ्रीजर उघडून वाट्या पाहून राहिलो होतो, अन् बाहेर ही पडली." त्यांनी वॉकरची मूठ घट्ट धरली. "मीठ चांगलं होतं. एकही वाटी नव्हती गोठली. हिला मी सांगितलं, दुकानात मीठच नव्हतं."

मला फार लाज वाटली. परीक्षा पास करायचीय का असं मी ह्या माणसाला विचारलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, माझे बूट द्या इकडे," दारातून आवाज आला. "फाडून ठेवाल."

काकी उंबऱ्यात उभ्या होत्या. गाऊनवर कार्डिगन, पायात मोजे. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"थांब, तीन चकरा राहिल्या. त्या कोपऱ्यातली जागा अजून..."

"फ्रीजर कोणी साफ केला हॉस्पिटलातून आल्यावर?" काकी म्हणाल्या. "वाट्यांवर तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, कोणत्या मिठाची कोणती. मला वाचता येतं. निखिल, त्यांना जरा टेकव कुठेतरी आणि बूट आण."

मी बूट आणून दिले. काकींनी दाराची चौकट धरून ते पायात घातले. काका नुसत्या मोज्यांवर त्या गारठलेल्या डांबरावर उभे होते, एकदा काकींकडे, एकदा जमिनीकडे पाहत. त्यांनी घाईघाईने वॉकर उंबऱ्याशी लावला.

"तो राहू द्या," काकी म्हणाल्या. "हात द्या."

काकांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. "हा थरथरून राहिला, सुमन," ते म्हणाले. "ह्याचा भरवसा नाही."

"मला माहीत आहे," काकी म्हणाल्या. त्यांनी तो हात धरला आणि पाऊल खाली टाकलं.