चिकटे घराण्याच्या वाहत्या वतनाची बखर

जें वाहतें त्यास नमन, आणि वाहत्यांत जें धरून राहतें त्यास दोनदां नमन. शके सोळाशें एकुणनव्वद, गढूळनाम संवत्सरीं, आफ्रिका खंडीं एका थोर नदीच्या राज्यांत जें वर्तलें तें ऐसें.

त्या राज्यीं चिकटे म्हणोन मत्स्यांचें एक घराणें होतें. देह करंगळीएवढा, अंगावर खवला म्हणोन नाहीं, रंग खडकासारखा तपकिरी ठिपकेदार, पाठीस एक कांटा आणि दो बाजूंस एकेक, आणि मिशा तीन जोड, त्या बायकांसही. त्याची लाज कोणी बाळगीत नसे. मुख मात्र खालच्या अंगास, ओठ वाटीसारखे गोल, ते खडकास लावून लोंढ्यांत टिकावें हाच कुलधर्म. वतन वर जेथें पाण्यास फेंस येतो तेथून खालीं जेथें फेंस मरतो तेथवर. त्यापुढें महाराजांचें निश्चल तळें, तेथें चिकट्यांचा दम कोंडे. मग महाराजांचे मनीं दया उपजली कीं, गरीब लेंकरें बारमास धक्के खातात, यांस तळ्यांत जहागीर द्यावी. आणि त्यांचे वकील मिशाळराव, देहानें प्रचंड, तळ्याकडून लोंढ्याच्या तोंडाशीं आले, आणि पुढें मावेनात म्हणोन तेथूनच गर्जले, "जहागीर कबूल कीं ना कबूल? सूर्यास्तापावेतों न बोलाल तर कबूल समजूं, आणि फौज येऊन सन्मानानें उचलून नेईल!" आणि कोणी बोलेना. बोलावें कैसें? तोंड उघडलें कीं खडक सुटे. वकील म्हणाले, "बोटभर देह, आणि ताठा केवढा!"

मग मोठ्या दगडाच्या आडोशास, जेथें पाणी किंचित थांबे, घराण्याच्या थोरल्या चिमटाबाई यांणीं मसलत भरविली. वकिलाच्या कानाच्या टप्प्यांत खडक चार, आणि वाहतांना एका झेपेंत एकच शब्द निघतो. तरी चौघांनीं एकेक शब्द बोलून खालच्या खडकास चिकटावें ऐसें ठरलें. वाक्य, "आम्हांस तळ्यांत नेऊं नये." परंतु चौथ्याखालीं खडक नाहीं, नुसतें तळें. सून झुळूकबाई म्हणाल्या, "शेवटला शब्द गाळूं या, सासूबाई. जीव जाईल कीं हो!" चिमटाबाई म्हणाल्या, "अगं, तो गाळलास तर 'आम्हांस तळ्यांत नेऊं' इतकेंच उरेल, आणि आलीच पालखी दारीं! 'नये' मी म्हणत्यें. सासू झाल्यापासून शेवटला शब्द माझाच आहे." सून म्हणाली, "तो घरांत हो!" आणि रडूं लागली.

मग सूर्य कलतां धाकट्या दिरांनीं "आम्हांस" म्हटलें, आणि पुतण्यानें "तळ्यांत" म्हटलें, आणि सून "नेऊं" म्हणोन सासूच्या खडकीं येऊन आदळली. वकील हर्षून कारकुनास म्हणाले, "वाहवा, नेऊं तर! लिहा कबूल!" तोंच चिमटाबाईंनीं ओठ सोडला, आणि "नये!" ऐसें म्हणोन वाहत गेल्या, आणि थेट वकिलाच्या कपाळास चिकटल्या. वकील दचकून मागें सरले, तों पाणी मंदावलें आणि कपाळावरची मिठी सैल पडली. पुढें झाले, तों घट्ट जाहली. ऐसें दोनदां करून पाहिलें. मग गहिंवरून म्हणाले, "आलें ध्यानांत, बाई. आतां बोलूं नका." आणि लोंढ्यांत मस्तक जितकें मावलें तितकें घालून स्तब्ध उभे राहिले, आणि तेथूनच हुकूम लिहविला कीं, चिकट्यांस तळ्यांत नेऊं नये. मग दम आल्यावर बाई वकिलाच्या नाकावरून चौथ्या खडकीं चढल्या. सुनेनें सरकून जागा दिली.

एणेंप्रमाणें वतन कायम जाहलें. हुकुमाखालीं मुक्काम "पांचवा खडक" ऐसा लिहिला आहे. पुढें मोजणीदारांनीं तो खडक बहुत शोधिला, परंतु सांपडला नाहीं, कारण वकील घरीं जेवावयास गेले होते.