वास हा पुरावा नव्हे

परचुरे वकिलांच्या घरी दूध नासलं तरी ते नासलंय असं म्हणायची सोय नव्हती. काकूंनी पातेलं पुढं करून वास घ्यायला सांगितलं, की वकीलसाहेब, म्हणजे आमचे नाना, चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "वास हा पुरावा नव्हे." एकदा या तत्त्वापायी त्यांनी ते दूध पिऊन दाखवलं. दोन दिवस कोर्टात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, पोट बिघडलं एवढंच सिद्ध झालंय, दुधाबद्दल अजून काही नाही.

मी त्यांचा ज्युनिअर. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात नऊ वर्षं फायली बांधल्या. तेव्हा दारूबंदी कडक होती. परमिटाशिवाय घोटभर घेतली तरी खटला व्हायचा, आणि असे खटले लढवण्यात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. गंमत म्हणजे स्वतः त्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. सुपारीसुद्धा खात नसत.

पोलिसांचा ठरलेला मजकूर असायचा: तोंडाला उग्र वास, डोळे लाल, चालताना झोकांड्या. नाना म्हणायचे, कांदा खाल्ला की माझ्याही तोंडाला उग्र वास येतो, जागरण झालं की डोळे लाल होतात, आणि या कोर्टाचे जिने चढताना कुणाला झोकांड्या जात नाहीत? बाटलीत दारूच होती म्हणता, तर ती पंचांसमोर लाखेनं सीलबंद करा आणि सरकारी प्रयोगशाळेत पाठवा. माणूस प्यायला होता म्हणता, तर त्याचं रक्त तपासा. नाक घरी ठेवून या.

एकदा त्यांनी साक्षीला आलेल्या हवालदाराच्या हातात एक उघडी बाटली दिली आणि आत काय आहे विचारलं. हवालदारानं हुंगलं आणि छाती पुढं काढून दारू असल्याचं सांगितलं. नानांनी खिशातून दुकानाची पावती काढली. ते द्राक्षासव होतं, सकाळीच लक्ष्मी रोडवरून आणलेलं. "साहेब, हवालदारांच्या मते मी आणि तो दुकानदार दोघंही आरोपी आहोत," असं म्हणून ते शांतपणे खाली बसले. मॅजिस्ट्रेटसाहेबांना बराच वेळ खोकला येत राहिला.

पण त्यांचं खरं हत्यार होतं एक प्रश्न. साक्षीदारानं वास आल्याचं सांगितलं की नाना अगदी गोड आवाजात विचारायचे, "आपण कधी घेतली आहे का?" घेतली म्हणावं तर साक्षीदार स्वतःच कायद्यात अडकतो, नाही म्हणावं तर वास ओळखला कसा? भलेभले इथं तोतरे व्हायचे. मीही दरवेळी हसू दाबत असे.

मग लोणी काळभोरच्या सोपानचा खटला आला. सोपान पुण्यातल्या एका कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. शिक्षा झाली की नोकरी जाणार हे ठरलेलं होतं, आणि घरात मिळवता तो एकटाच. फिर्याद केली होती खुद्द त्याच्या बायकोनं. कमलनं स्वतः चौकीत जाऊन पोलिसांना घरी आणलं होतं.

खटला नानांच्या दृष्टीनं फारच सोपा होता. बाटलीचं सील प्रयोगशाळेत पोचेपर्यंत फुटलेलं होतं. रक्त तपासायचं राहूनच गेलं होतं. उरला होता फक्त कमलच्या नाकाचा पुरावा. ती पिंजऱ्यात उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. वास आला होता म्हणाली. नाना उठले आणि त्यांनी आपला प्रश्न विचारला. "आपण कधी घेतली आहे का?"

"न्हाई साहेब."

"मग तो दारूचाच वास होता, हे आपल्याला कसं कळलं?"

कमलनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "अकरा वर्सं झाली साहेब. दार मीच उघडते."

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. नाना खाली बसले आणि हळूच म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत.

सील आणि रक्ताच्या मुद्द्यांवर सोपान सुटला. बाहेर व्हरांड्यात तो नानांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा नाना मागं सरकले. "कोर्टात सिद्ध झालं नाही. घरात अकरा वर्षांपूर्वीच झालंय," ते म्हणाले. मग त्यांनी त्याला हुकूम सोडला: रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की आधी ऑफिसात यायचं, मग लोणीची बस धरायची.

तेव्हापासून मी ते दृश्य रोज बघू लागलो. सोपान टेबलासमोर उभा राहायचा, नाना चष्मा काढून पुढं झुकायचे आणि म्हणायचे, "हा कर." सोपान 'हा' करायचा. नाना वास घ्यायचे आणि म्हणायचे, जा. दोनदा वास आला, तेव्हा त्यांनी नुसतं बोटानं दार दाखवलं. दुसऱ्या दिवशी सोपान मान खाली घालून पुन्हा हजर. मी एकदा म्हटलं, नाना, वास हा पुरावा नव्हे ना? ते म्हणाले, "हे कोर्ट नाही. फाईल बांधा." इथून गेल्यावर वाटेत चोरून प्यायला तर, असंही मी विचारलं. "मग उद्या तोंड दाखवायला येणार नाही," नाना म्हणाले.

तो येत राहिला. सहा महिने झाले. दिवाळीत कमलनं करंज्या पाठवल्या. त्या संध्याकाळी 'हा' करून झाल्यावर सोपान जरा घुटमळला.

"साहेब, एक इचारू का? तुमी तर कधी घेतली न्हाई. मग तुमाला वास कसा वळखू येतो?"

मी चपापलो. नानांचा प्रश्न आजवर कुणी नानांना विचारला नव्हता. मलाही नऊ वर्षांत सुचला नव्हता, याची मला तिथं बसल्या बसल्या लाज वाटली.

नानांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "माझे वडील," ते म्हणाले. "आमच्याकडं दार मी उघडायचो."

नानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि करंज्यांचा डबा त्याच्यापुढं सरकवून एक घ्यायला लावली.

"बस चुकेल तुझी," ते म्हणाले. मग तो दारापर्यंत गेल्यावर, काही मागायची सवय नसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "उद्या येशील ना रे?"