पावणेचार मिनिटांनंतर

"बाई, तुम्ही फोन उचललातच कशाला?"

पलीकडचा माणूस एवढ्या जोरात ओरडला की तक्रारबाईंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेत बसून त्यांना बावीस वर्षं झाली होती. फोन उचलत नाही म्हणून लोक ओरडले होते, उशिरा उचलला म्हणून ओरडले होते, एकजण तर फोन गार लागतोय म्हणूनही ओरडला होता. पण उचलला म्हणून कोणी बोंब मारल्याचं त्यांना आठवेना.

"अहो, तुमची तक्रार काय ते सांगा ना!"

"हीच माझी तक्रार! एवढं सुंदर गाणं चाललं होतं. मला परत होल्डवर ठेवा!"

तक्रारबाईंनी त्याला होल्डवर ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एका गिऱ्हाइकाचा मुका घ्यावासा वाटला.

आता हे गाणं तिथे आलं कसं, ते ऐका. तक्रारबाईंना सोल गाण्यांचं वेड. सोल म्हणजे पोटातून, अगदी बेंबीच्या देठापासून म्हटलेली जुनी गाणी. "सोल? चपलेचा का?" हा विनोद त्यांना आजवर शेकडो लोकांनी ऐकवला होता आणि प्रत्येकाशी त्यांनी किमान महिनाभर अबोला धरला होता. बाईंना त्याहून जास्त राग कोणाचा यायचा, तर गाजलेली चार गाणी ऐकून "आम्हालाही सोल आवडतं हं" म्हणणाऱ्यांचा. "चार गाणी ऐकून माना डोलवतात मेले! रेकॉर्ड उलटी करून बघायला हात झडतात का यांचे? खरा जीव मागच्या बाजूला असतो!"

आणि सगळ्या मागच्या बाजूंमधली त्यांची लाडकी बाजू होती एका इस्त्रीवालीची. ती बाई दिवसभर कपड्यांना इस्त्री करायची. तिनं आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, ती कुणी घेतली नाही, आणि ती गुपचूप परत इस्त्रीला उभी राहिली. तक्रारबाईंना ती रेकॉर्ड चाळीस वर्षांपूर्वी एका जुन्या सामानाच्या दुकानात, फुटक्या कपाखाली सापडली. गाणं सुरू होतं ते नुसत्या बेस गिटारवर. बायकोशी भांडून घराबाहेर पडलेला माणूस कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो ना, तसा तो बेस चालतो. मग ट्रम्पेटवाले येतात, शेजारी जमावेत तसे. मग ती गायला लागते, आणि एकेक कडव्याला पारा चढत जातो. पावणेचार मिनिटांनी सगळं एकदम थांबतं. ती श्वास घेते. आणि अगदी हळू म्हणते, "ये, दार उघडंच आहे. पण याद राख."

बस. त्या एका ओळीसाठी बाई जीव टाकायच्या. पण आजवर एकाही माणसानं ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. बहिणीला दुसऱ्या मिनिटाला फोन यायचा, नवऱ्याला तिसऱ्या मिनिटाला डुलकी यायची. नणंदेनं तर सुई उचलून "काहीतरी गोड लाव ना गं" म्हटलं होतं. तिच्याकडे बाई अजून जात नाहीत.

म्हणून होल्डवरची जुनी टिंगटिंग बिघडली आणि साहेब कागदातून मान वर न करता "लावा काहीतरी तुम्हीच" म्हणाले, तेव्हा तक्रारबाईंनी दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड आणून तिच्यावरचं गाणं टेलिफोनच्या होल्डच्या पेटीत भरून टाकलं. होल्डवरचा माणूस जातोय कुठे? गाणं ऐकल्याशिवाय त्याची सुटकाच नाही!

पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी तो ओरडणारा आला, आणि मग रांगच लागली. रोज चाळीस फोन यायचे ते नव्वद झाले. आठवडाभरात तीनशे. बाईंच्या शेजारच्या टेबलावर मिशीवाले बसायचे. अकरा वर्षं तेही फोन घेत होते, आणि त्यांच्या मिशा इतक्या भरदार की फोनवरसुद्धा ऐकू यायच्या. ते रडकुंडीला आले.

"बाई, लोक खोटं बोलतायत हो! एक म्हणतो मशीन उड्या मारतं. कुठे मारतं, तर म्हणे, तुम्ही आधी होल्डवर ठेवा, मग आठवून सांगतो."

"मग ठेवा ना! हात मोडलेत का?"

"ठेवतो की! पण परत घेतला की शिव्या घालतात. म्हणे, नेमकं तिनं श्वास घेतला की तुम्ही गाणं पहिल्यापासून का लावता? मी कशाला लावू? मी हातसुद्धा लावत नाही!"

तक्रारबाईंनी त्यांना बावळट म्हटलं आणि विषय संपवला.

इकडे मेकॅनिक लोक घरोघरी मशीन तपासायला धावत होते, आणि मशीन सगळी ठणठणीत. एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरी तर मेकॅनिकनं न्हाणीघर, स्वयंपाकघर, गच्ची, सगळं पालथं घातलं.

"सर, मशीन कुठाय?"

"मशीन नाहीये."

"मग तक्रार कसली केलीत?"

"कपडे स्वच्छ निघत नाहीयेत, ही. हातानं धुतो मी. निघतायत का बघ स्वच्छ!" आणि हेडमास्तरांनी त्याच्या नाकासमोर एक बनियन धरला.

मुख्य कचेरीत मात्र आकडे गेले ते तक्रारींचे. दिवसाला तीनशे! तिथल्या लोकांची पाचावर धारण बसली. नव्या मशीनमध्ये मोठा दोष आहे असं ठरलं, कारखाना बंद केला, सहा इंजिनिअरांनी एक मशीन स्क्रूपर्यंत सुटं केलं, दोष सापडला नाही आणि त्यांना ते परत जोडताही येईना.

साहेब तरातरा तक्रारबाईंसमोर आले. हातात मेकॅनिकचा रिपोर्ट.

"बाई! ही तुमची इस्त्रीवाली माझी नोकरी खाणार आहे! आत्ताच्या आत्ता गाणं बंद. सोमवारपासून माझ्या मेव्हण्यानं म्हटलेलं कंपनीचं गीत लागेल."

"तुमच्या मेव्हण्याच्या गळ्यात सूर नाही, कफ आहे!"

"आणि सोमवारपासून तुम्ही गोदामात. नट-बोल्ट मोजा!"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी मिशीवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. बाई पर्स उचलून बाहेर पडल्या, समोरच्या औषधाच्या दुकानात शिरल्या आणि तिथून स्वतःच्याच ऑफिसला फोन लावला. निदान एकदा, जाण्याआधी, आपलं गाणं होल्डवरून ऐकावं म्हणून. बेस आला. ट्रम्पेट आले. पारा चढला. पावणेचार मिनिटं झाली, सगळं थांबलं, तिनं श्वास घेतला...

आणि बेस परत पहिल्यापासून चालायला लागला.

बाईंनी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा तेच. त्या मुडद्या पेटीत गाणंच पावणेचार मिनिटांचं मावत होतं! म्हणजे हजार लोकांनी गाणं ऐकलं आणि त्यातल्या एकालाही ती ओळ मिळाली नव्हती. म्हणून तर येड्यासारखे परत परत फोन करत होते बिचारे! औषधवाल्यानं भीत भीत रक्तदाबाची गोळी पुढे केली. बाईंनी ती त्याच्याच अंगावर फेकली आणि ऑफिसात परत आल्या.

"साहेब, तुमचे फोन बंद करून देते," त्या म्हणाल्या. "गाणं काढलंत तर हे लोक जन्मभर छळतील तुम्हाला. अर्धवट राहिलंय त्यांचं. एकदा, फक्त एकदा, शेवटपर्यंत ऐकू द्या त्यांना. मग तुमचा मेव्हणा लावा, नाहीतर गाढव लावा."

साहेबांना यातलं गाढवच तेवढं समजलं, पण मुख्य कचेरीचा फोन दर अर्ध्या तासानं येत होता. ते हो म्हणाले. सगळ्या तक्रारदारांना निरोप गेले: सोमवारी सकाळी अकराला फोन करा, पूर्ण गाणं ऐकवू. बाईंनी घरून रेकॉर्ड प्लेअर आणला. पेटीला माइक जोडला, तो प्लेअरच्या तोंडाशी धरला. साहेबांना तर कळसच गाठायचा होता, त्यांनी पेटीच्या दुकानातून मोठी पेटी आणवली. "रेकॉर्डही करून घ्या एकदाचं, परत कटकट नको."

सोमवारी अकराला फोनवरचे सगळे दिवे लागले. साहेब दाराशी उभे. मिशीवाले आपल्या जागी.

"कुणी शिंकलात तर बघा," बाई म्हणाल्या. "श्वास घ्यायचा असेल तर बाहेर जाऊन घ्या."

सुई टेकली. बेस चालायला लागला, ट्रम्पेट जमले, इस्त्रीवाली तापायला लागली. बाईंचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं! आज पहिल्यांदा एवढे कान एका जागी, आणि एकालाही डुलकी नाही, फोन नाही, नणंद नाही. तीन मिनिटं. साडेतीन. पावणेचार. सगळं थांबलं. तिनं श्वास घेतला.

आता बघा, माणूस अकरा वर्षं एकच काम करत असला की त्याचं डोकं काम सोडून देतं आणि तोंडच काम करतं. दिवा लागलेला, लाइनवर शांतता. मिशीवाल्यांच्या तोंडून आपसूक, थेट माइकपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात निघालं:

"नमस्कार! काय तक्रार आहे आपली?"

मग तक्रारबाई फुटल्या.

"काय तक्रार? काय तक्रार? अरे मेल्या, चाळीस वर्षं! चाळीस वर्षं वाट बघितली मी या क्षणाची, आणि आत्ता तोंड उघडतोस तू? आत्ता? मिशी उपटून हातात देईन!"

आणि टेबलावर अशी मूठ आपटली की सुई उडाली, खर्रकन घसरली आणि गाणं संपलं.

बाई खुर्चीत कोसळल्या. मिशीवाल्यांनी दोन्ही हात मिशीवर ठेवले होते. साहेबांनी एका लाइनचा स्पीकर चालू केला. टाळ्या! दुसरी लाइन. तिथे कुणी हमसून हमसून रडत होतं. तिसऱ्या लाइनवरून एक बाई म्हणाली, "माझ्या मनातलं बोलली हो ती! अगदी शब्दन् शब्द!"

त्या दिवसापासून खोटे फोन बंद. लोकांचं समाधान झालं होतं. कारखाना सुरू झाला, गोदामाचा विषय कुणी काढला नाही, आणि साहेबांनी मेव्हण्याला परस्पर कटवून ते रेकॉर्ड केलेलंच होल्डवर ठेवून दिलं, मूठ आपटल्याच्या आवाजासकट. तक्रारबाई मात्र धुमसत राहिल्या. जो तो वाहवा करत होता, आणि इस्त्रीवालीची ओळ पुन्हा कुणी ऐकलीच नव्हती.

गुरुवारी दुपारी हेडमास्तर स्वतः ऑफिसात आले. हातात टोपी धरून म्हणाले, "बाई, मला ते रेकॉर्डवर ऐकायचंय. मूळचं. शेवटपर्यंत."

बाईंना भरून आलं. त्यांनी हेडमास्तरांना खुर्ची दिली, मिशीवाल्यांना खोलीबाहेर काढलं, दाराला कडी घातली आणि सुई टेकवली. हेडमास्तर डोळे मिटून बसले. हलले नाहीत, खोकले नाहीत. सगळं थांबलं, श्वास आला, आणि ती हळूच म्हणाली, "ये, दार उघडंच आहे. पण याद राख."

"कसं आहे?" बाईंनी विचारलं.

हेडमास्तरांनी डोळे उघडले. "छान आहे. पण बाई, खरं सांगू? तुमच्या टेलिफोनवरचं जास्त चांगलं होतं. तो पुरुष काय निर्लज्जपणे येतो, चाळीस वर्षांनी, आणि वर विचारतो, काय तक्रार आहे म्हणून! आणि मग ती जी फुटते! अहाहा! आतडं पिळवटून गायलीये हो ती. ही तिच्यापुढे अगदीच मवाळ."

तक्रारबाईंचा चेहरा लालबुंद झाला. इस्त्रीवालीला मवाळ म्हणणारा माणूस त्यांच्यासमोर जिवंत बसला होता. त्याला झापायला त्यांनी पदर खोचला. मग सुई उचलून जरा मागे नेली आणि ती ओळ पुन्हा ऐकली. मान तिरकी करून आणखी एकदा ऐकली.

"हं," त्या म्हणाल्या. "तसा थोडा जोर कमीच पडलाय तिचा."